माथेवाडीने विडा परत ठेवला

कोणे एके काळी, म्हणजे माणसं आजच्याइतकीच भांडत होती पण भांडायला त्यांच्याकडे सवड जरा जास्त होती तेव्हा, एका नदीकाठी सात गावं होती. सातांचे देव वेगळे, जत्रा वेगळ्या, भाकरीची चवही थोडी वेगळी. बंधारा मात्र एकच होता.

नदी डोंगरातून खाली उतरते तिथे सातही गावांच्या पणजोबांनी मिळून दगडी भिंत घातली होती. त्या भिंतीपासून एक पाट निघे. तो आधी माथेवाडीच्या शिवारातून जाई, मग एकेक गाव भिजवत सगळ्यात खालच्या शेवटगावाला पोचे.

पाणी सामाईक म्हटलं की नियम आलेच. शेतांच्या एका पट्ट्यात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे सगळ्यांना एकदमच पाणी देता येतं. ते पीक सात गावांची पंचायत ठरवणार. पावसाच्या आधी घरटी एका माणसाने कुदळ आणि पाटी घेऊन पाटातला गाळ काढायला यायचं. जो येणार नाही त्याला दंड. आणि पंचायतीचा म्होरक्या नेहमी शेवटगावचा असायचा. ज्याला पाणी सगळ्यात शेवटी मिळतं, तो दुसऱ्या कुणाची पाळी चुकू देत नाही, असा त्यामागे जुन्या माणसांचा विचार होता.

ऐकायला हे छान वाटतं. प्रत्यक्षात पंचायत म्हणजे शेवटगावच्या चिंचेखाली बसून जांभया देणं. हरभरा घ्यायचा की गहू, एवढ्यावर अख्खी दुपार जायची. कुणी रुसायचं, कुणी उठून जायचं, कुणी परत यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण पाणी येत असे, हेही खरं.

आता विड्याची रीत सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. सात गावं एकत्र आली तेव्हा प्रत्येक गावाने पंचायतीपुढचा विडा उचलून शब्द दिला होता. एखाद्या गावाला निघायचं असेल, तर त्याने दसऱ्याला तसाच विडा पंचायतीपुढे परत ठेवायचा. मग अक्षय्य तृतीयेच्या आत निघण्याच्या अटी ठरवायच्या. दिलेले शब्द कोण पुरे करणार, एकमेकांच्या शिवारातल्या जमिनींचं काय, पाण्याचं काय. ठरलं तर ठरल्याप्रमाणे. नाही ठरलं, तर पाटातून त्या गावाकडे जाणाऱ्या चारीचं तोंड दगडमातीने बुजवायचं. आणि परत ठेवलेला विडा पुन्हा उचलता येत नसे. ही रीत आजवर कुणी वापरलीच नव्हती, म्हणून ती सगळ्यांना सोपी वाटायची.

माथेवाडीला एक नवा पाटील मिळाला. नवी विटी, नवं राज्य. माणूस वाईट नव्हता. बोलायला गोड होता आणि आपलंच बोलणं त्याला फार आवडायचं. तो चावडीवर म्हणाला, "पाट पहिला आपल्या शिवारातून जातो. मग पानी कुनाचं? आपलं! आन् आपल्या वावरात काय पेरायचं, ते ठरवनार शेवटगावचा म्हातारा? आपन ऊस लावला असता, तर आज घराघरांत गुळाच्या ढेपा असत्या."

लोकांना ते पटलं, आणि अगदीच उगाच पटलं असंही नाही. मागच्याच वर्षी एका विधवेने पट्ट्याच्या कडेला चार वाफे हळद लावली, म्हणून पंचायतीने तिला दंड केला होता. पंचायतीचं चुकायचंही पुष्कळ, आणि चूक कबूल करायला तिला चुकण्यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

चावडीवर हात वर झाले. निघायचं म्हणणारे थोडे जास्त भरले. राहायचं म्हणणाऱ्यांमध्ये गावच्या कारभाऱ्याचाही हात होता.

दसऱ्याला पाटील ढोल वाजवत चिंचेखाली गेला. पंचायतीचा म्होरक्या तेव्हा शेवटगावचा नथू आबा होता. वय झालेलं, गुडघे दुखरे, स्वभावाने तिरसट. त्याने पाटलाच्या हातातला विडा पाहिला आणि ढोल थांबवायला सांगितला.

"पाटील, तुमाला निघायचा हक्क हाय. कुनी अडवनार न्हाई," आबा म्हणाला. "पन निघून काय पायजे, ते ठरलंय का तुमचं? न्हाई तर आज इडा घरी न्या. गावाला इचारा. पुढल्या दसऱ्याला या. दसरा काय पळून जात न्हाई."

"ठरवायचं काय त्यात आबा? निघायचं म्हंजे निघायचं!" पाटील म्हणाला आणि त्याने विडा खाली ठेवला. ढोल पुन्हा वाजला.

दुसऱ्याच दिवशी माथेवाडीने उसाची लागण सुरू केली. आता विचारणारं कोण होतं? एकाने लावला म्हणून दुसऱ्याने लावला, आणि बघता बघता सगळं शिवार उसाचं झालं. उसाला बारा महिने पाणी लागतं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पण त्या दिवसांत ती बोलून दाखवणाऱ्याकडे लोक वाकड्या नजरेने बघायचे.

अटी ठरवायला कुणाला पाठवायचं, असा प्रश्न आला. पाटील म्हणाला, "कारभारी, तुमाला पंचायतीची सगळी रीत ठावं. तुमीच जा."

"पाटील, मी तर ऱ्हायच्या बाजूनं हात वर केलावता."

"म्हनून तर! तुमच्यावर त्यांचा इस्वास बसंल."

असं ज्याला हे नको होतं, त्याच्याच गळ्यात ते घोंगडं पडलं. आणि घोंगडंही कसलं, भिजत घोंगडं. पण त्याचाही दोन बिघे ऊस शिवारात उभा होता. शेजारी लावतात म्हणून त्यानेही लावला होता, आणि त्या उसावर त्याच्या घरचं पुढचं वर्ष होतं. चारी बंद झाली असती तर गावाबरोबर तोही बुडाला असता.

निघण्याआधी कारभाऱ्याने चावडीवर साधा प्रश्न विचारला. "मी जातो. पन मागू काय?"

"पानी माग," काही जण म्हणाले, "पन गाळ काढायला आमी येनार न्हाई, आन् पीक आमचं आमी ठरवनार."

"पानीबिनी काही मागू नगंस," दुसरे ओरडले. "आपन हिरी खनू. त्यांचा थेंब नगं आपल्याला."

तिसरे गप्प होते. ते राहायच्या बाजूचे होते आणि मनातून अजून तिथेच होते. त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "कारभारी, आसं काहीतरी करा की हे सगळं मोडूनच जाईल."

कारभारी पाटलाकडे वळला. "ह्या तिन्हीतलं मी काय सांगू?"

"सगळं सांगा," पाटील म्हणाला, "आन् मान खाली घालू नगा."

माथेवाडीहून शेवटगाव म्हणजे पायी सकाळ जाते. कारभारी सकाळी निघायचा, दुपारी चिंचेखाली बसायचा, दिवस मावळता घरी यायचा आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर शिव्या खायचा. आबा जे सांगे ते तो गावाला सांगायचा आणि गाव जे ओरडे ते तो जरा मऊ करून आबाला सांगायचा. पौष असाच गेला. माघही तसाच गेला. खरं सांगायचं तर ही गोष्ट सांगताना मलाच कंटाळा येतो, मग ती ज्याने पायांनी चालून पुरी केली त्याचं काय झालं असेल!

आबाच्या अटी पहिल्या दिवसापासून त्याच होत्या. भिंतीची एक बाजू खचली होती आणि ती दुरुस्त करायचा शब्द माथेवाडीनेही दिला होता. तो पुरा करायचा. ज्यांच्या जमिनी एकमेकांच्या शिवारात आहेत, त्या त्यांच्याकडेच राहतील, त्यात कुणी हात घालायचा नाही. आणि पाणी हवं असेल तर गाळ काढायला यायचं आणि पीक सगळ्यांबरोबर घ्यायचं.

"आबा, मंग निघाल्याचा उपेग काय?" कारभाऱ्याने विचारलं.

"ते मी कसं सांगू? निघालो का मी?"

"तुमी आमाला शिक्षा करताय, आसं गाव म्हनतंय."

आबाने टाचेवरची माती झटकली. "शिक्षा करायला माज्यात तरी कुठं जीव ऱ्हायलाय! पन माजं बी ऐक. सहा गावं गाळ काढनार, दंड भरनार, आन् तुमी रीत न पाळता वरच्या वर पानी घेनार. आसं झालं तर उंद्या हितं आनखी एक ढोल वाजंल, परवा आनखी एक. मंग बंधारा कुनाचा? शेवटी पानी माज्या गावाला येतं कारभारी. सगळे फुटले तर पयला मी वाळंन."

 ही गोष्ट कारभाऱ्याने चावडीवर सांगितली तेव्हा लोक म्हणाले, कारभारी विकला गेला. पाटील हसला, पण त्याने कुणाला गप्प केलं नाही.

कारभारीण शेवटगावची होती. माहेरी तिला वडिलांनी तीन गुंठे आमराई दिली होती, तिचं काय होणार ही काळजी तिलाही होती. पण ती नवऱ्याला काही विचारायची नाही. तो आला की पायांना तेल चोळायची. एकदा मात्र तिच्याने राहवलं नाही.

"खरं सांगा, तुमी आता कुनाच्या बाजूचे?"

"झोपंच्या," कारभारी म्हणाला. ती हसली, मग तिला रडू आलं. तिचा नवरा पूर्वी गावातला सगळ्यात विनोदी माणूस होता, आणि कित्येक दिवसांत त्याने केलेला हा पहिला विनोद होता.

होळी झाली. ऊस कमरेएवढा आला. तो पाहून गावाला आनंद व्हायचा आणि कारभाऱ्याला धडकी भरायची. एके दुपारी तो चिंचेखाली बसला आणि त्याने मान खाली घातली. पाटलाने घालू नको म्हटलेली मान होती ती, पण तिला आता फार ओझं झालं होतं.

"आबा, कायमचं न्हाई मागत," तो म्हणाला. "हा उभा ऊस तुटंस्तवर पानी द्या. तेवढ्यापुरता गाळ आमी काढू, भिंतीला मानसं देऊ. ऊस तुटला की तुमचं तुमी, आमचं आमी. तवर गाव इचार तरी करंल."

 आबाने बाकीच्या पाच गावांच्या माणसांना बोलावलं. ती कटकट करत आली, चार दिवस भांडली, एकाने तर पागोटं आपटलं. पण शेवटी सगळ्यांनी हो म्हटलं. आबा कारभाऱ्याला म्हणाला, "ह्याच्यावर एक दाना न्हाई वाढनार. मलाच हे सगळ्यांच्या घशाखाली उतरवताना नाकी नऊ आले."

त्या दिवशी कारभारी घरी जाताना वाटेत गुणगुणत होता म्हणतात.

चावडी भरली. कारभाऱ्याने ठरलेलं सगळं सांगितलं. ऊस वाचतो, जमिनी राहतात, आणि बदल्यात यंदाच्या गाळाला आणि भिंतीला घरटी एक माणूस. "ज्यांना हे नगं, त्यांनी हात वर करा," पाटील म्हणाला.

निघायच्या बाजूच्या कडव्या लोकांनी हात वर केले. निघाल्यावरही गाळ उपसायचा तर ते निघणं कसलं, हे त्यांचं कारण. काहींनी हात वर केले, कारण एका उसापुरतं पाणी त्यांना फार थोडं वाटलं. थोडं ताणलं तर आबा आणखी देईल, असं त्यांना वाटत होतं. आणि जे राहायच्या बाजूचे होते त्यांनीही हात वर केले. हे फसलं तर निघणंच फसेल आणि सगळं पूर्वीसारखं होईल, ही त्यांची आशा. तिघांची कारणं एकमेकांच्या अगदी उलट होती. हात मात्र सगळे एकदम वर गेले. कारभाऱ्याने वर पाहिलं तर त्याला चावडीचं छप्पर दिसेना, इतके हात होते.

"बरं," तो म्हणाला. "हे नगं. मंग काय पायजे?"

पुन्हा तिन्हीकडून आरडाओरडा झाला. त्यात एकही शब्द दुसऱ्याशी जुळला नाही.

अक्षय्य तृतीया आली. कारभाऱ्याने मुदत वाढवून मागितली. आबाने पंचायतीच्या पाया पडून ती पौर्णिमेपर्यंत मिळवली. "एवढ्यात गावाकडनं मला एकच गोष्ट आनून दे," तो म्हणाला. "काय नगं, ते मला पाठ झालंय. तुमाला काय पायजे, ते आन. लहान आसंल तरी चालंल."

कारभारी घरोघर फिरला. लोक त्याला पाणी द्यायचे, बसायला घोंगडी टाकायचे आणि काय नको ते सांगायचे. पंचायत नको. दंड नको. आबा नको. पाटील नको, असंही आता काही जण म्हणू लागले होते. पाटलाला विचारलं तर तो म्हणाला, "अजून वेळ हाय. शेवटच्या घडीला तेच नमतात, बगा तुमी." पौर्णिमेला कारभारी शेवटगावला गेला आणि रिकाम्या हाताने आबापुढे बसला. 

दुसऱ्या दिवशी सहा गावांची माणसं पाटावर आली आणि माथेवाडीच्या चारीचं तोंड बुजवू लागली. पहिला दगड म्होरक्याने ठेवायचा असतो. आबाने तो वाकून ठेवला. त्याला कुणावर सूड उगवायचा नव्हता, आणि या कामाने त्याच्या गावाचा फायदाही होणार नव्हता. सात गावांचा गाळ आता सहा गावांना काढायचा होता. खचलेली भिंतही त्यांनाच बांधायची होती. पलीकडे माथेवाडीचे लोक काठ्या घेऊन उभे होते. पण चारी फोडली तर खालच्या सगळ्या गावांशी कायमचं वैर, आणि त्याच गावांत त्यांच्या मुली दिलेल्या. काठ्या हातातच राहिल्या. तोंड बुजलं आणि चारीतलं उरलेलं पाणी हळूहळू मुरून गेलं.

विहिरी खणणाऱ्यांना खडक लागला. वैशाख तापला. उसाची आधी टोकं पिवळी पडली, मग पानं वळली, मग वारा आला की सगळं शिवार कागदासारखं वाजायला लागलं. तो आवाज घरात बसूनही ऐकू यायचा. पाटील म्हणायचा, हे सगळं शेवटगावच्या म्हाताऱ्यामुळे झालं. ऐकणारे मान हलवायचे. पण आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं.

शेवटी ज्या विधवेला हळदीचा दंड झाला होता, ती चावडीवर आली. निघायच्या बाजूने तिनेच सगळ्यात आधी हात वर केला होता. ती म्हणाली, "माजा राग खरा हुता. अजून बी हाय. पन तो ऊस तुटंस्तवर पानी, तेच आपल्याला पायजे हुतं. दुसरं काय पायजे हुतं?"

कुणी ओरडलं नाही. पाटलाने सवयीने विचारलं, "कुनाकुनाला पटतंय?" एक हात वर गेला, मग दुसरा, आणि मग सगळे. पाटलाचाही हात वर होता. निघणारे, राहणारे, ताणून धरणारे, सगळे एका मताचे झाले होते. माथेवाडीत असं कधीच झालं नव्हतं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काहींनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

"कारभारी," पाटील म्हणाला, "तुमी लगीच निघा. आबाला सांगा, आमी कबूल हाय. गाळ काढतो, भिंत बांधतो, सगळं कबूल."

कारभारी भिंतीला टेकून बसला होता. तो उठला नाही.

"कशाला कबूल हाय पाटील?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकायला फार वाईट वाटलं. "उभ्या उसाला पानी, हीच ती अट. ऊस उभा कुठं ऱ्हायलाय आता?"

 बाहेर वारा सुटला होता आणि शिवार वाजत होतं. कारभारी मग उठला, घरी गेला, विळा घेतला आणि आपल्या दोन बिघ्यांतला वाळका ऊस गुरांसाठी कापू लागला. थोड्या वेळाने शेजारचाही कापायला आला. दिवस मावळायच्या आत सगळं गाव शेतात होतं.

तात्पर्य : ज्याला काय नको एवढंच ठाऊक असतं आणि काय हवं ते ठाऊक नसतं, त्याच्या हाती शेवटी नकोच उरतं.